गुळाची हाक

“गूळ!” वैजू ओरडली आणि तिने डोक्यामागून बॉल फेकला.

बासंती मधल्या जागी हवेत होती. दोघींनी तिला मांड्यांना धरून पूर्ण वर उचललं होतं. तिचे दोन्ही हात पसरलेले होते. बॉल तिच्या बोटांच्या बराच वरून गेला आणि मागे पडला. मागे आपलं कुणीच नव्हतं. पाहुण्या संघाच्या एका दांडग्या पोरीने तो उचलला आणि जी सुटली ती आमच्या टोकाच्या रेषेपलीकडे जाऊनच पालथी पडली.

माझ्या शेजारी बंदोबस्ताचा पोलीस उभा होता. तो म्हणाला, “काय कॅप्टन आहे राव! समोरच्यांनाच पास देतीय.”

कॅप्टन माझी बायको होती.

त्या मॅचमध्ये हे असं तिसऱ्यांदा झालं होतं. आणि मॅच आम्ही तेवढ्यामुळेच हरलो.

रग्बीत बॉल बाजूच्या रेषेबाहेर गेला की दोन्ही संघांच्या पोरी समोरासमोर रांगा करून उभ्या राहतात. एक जण बाहेरून बॉल फेकते. आपल्या रांगेतल्या दोघी तिसरीला उचलतात आणि ती वरच्या वर तो पकडते. याला लाइनआउट म्हणतात. बॉल पुढच्या पोरीकडे येणार, मधलीकडे की मागचीकडे, हे फेकणारी आधी ओरडून सांगते. पण ते समोरच्यांना कळता कामा नये.

वैजू बॉल फेकायची. आधी संघात इंग्रजी आकडे ओरडायचे. ते कुणालाही कळायचे. मग वैजूने मैदानावर स्वयंपाकघर आणलं. आंबट म्हणजे पुढची, गोड म्हणजे मधली, तिखट म्हणजे मागची. चिंच, लिंबू, आमसूल. गूळ, साखर, केळं. मिरची, मिरी, आलं. पोरी बिहारच्या, बंगालच्या, ओडिशाच्या. सगळ्यांनी हे शब्द पाठ केले. बासंती हेम्ब्रम मयूरभंजच्या आतल्या गावातून आली होती. तिला मराठीत ‘आमसूल’ आधी आलं आणि ‘जेवण’ नंतर.

मलाही सगळं पाठ होतं, कारण घरी वैजूचा सराव माझ्यावरच चालायचा. खडकी बाजारात माझं गाड्यांच्या सीट कव्हरचं दुकान. टॅकलच्या सरावासाठी पोरी ज्या जाड बॅगांवर जाऊन आदळतात, त्या बॅगा मी रेक्झिनच्या शिवून द्यायचो. आमची ओळखही त्यातूनच झाली. ती कोल्हापूरकडची, पैलवानाची मुलगी. बॅग फाटली म्हणून भांडायला दुकानात आली होती. म्हणाली, “शिलाई कच्ची आहे.” मी म्हणालो, “शिलाई पक्की आहे, तुम्हीच जोरात मारता.” तिला ते आवडलं. स्क्रममध्ये, म्हणजे डोकी एकमेकींत खुपसून रेटारेटी करताना, तिचे कान घासून घासून वाकडे झाले होते. लग्नात आईने सुनेच्या कानांवरून पदर घ्यायला लावला, तर वैजूने तो खाली ओढला आणि म्हणाली, “राहू द्या आई. याच कानांनी देशाची कॅप्टन केलंय मला.”

घरामागच्या अंगणात दुकानातली तीन स्टुलं मी ओळीने मांडायचो. ती कुंपणापाशी उभी राहून ओरडायची, आणि मी धावत जाऊन त्या त्या स्टुलावर चढून हात वर करायचो. शेजारचे हसायचे. “शिंगटे, बायको नाचवतीय तुम्हाला,” म्हणायचे. नाचवत होतीच.

तर ती मॅच हरल्यावर मी तंबूमागे टेम्पोत बॅगा चढवत होतो. आत कोच बोलत होते. रुस्तम सर मुंबईचे पारशी. मराठी आपल्याच पद्धतीने बोलायचे, पण मोकळं बोलायचे. एरवी मला म्हणायचे, “शिंगटे, तुझी बॅग फाटत नाय, माझी पोरगी फाटते.” त्या दिवशी त्यांचा आवाज वेगळा होता.

“बासंती, तू वर जाऊन झोपली काय? तीन बॉल! तीन!”

मग बासंतीचा बारीक आवाज आला. “सर, मी उशिरा उडाले.”

“तीनदा?”

“हो सर. माझीच गलती.”

“बासंती,” ही वैजू. “किती घोकून घेतलं गं तुझ्याकडून? तुझ्या गावात येऊन मी तुझ्या बापाच्या हातापाया पडले ते याच्यासाठी?”

“सॉरी, ताई.”

“शनिवारच्या मॅचला तू बाहेर,” रुस्तम सर म्हणाले. “आणि पुढच्या दौऱ्यात पण नाय. सामान बांध. रविवारच्या गाडीत बसवतो तुला.”

मी बॅग हातात धरून तसाच उभा राहिलो. बासंतीच्या बापाने तिचं लग्न ठरवून ठेवलं होतं. संघात निवड झाली म्हणून थांबला होता. ती एकदा गावी गेली की परत येणार नव्हती. हे वैजूला सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं.

आणि मला आणखी एक गोष्ट माहीत होती. मी रेषेजवळच होतो. तिन्ही वेळा वैजूची हाक मी ऐकली होती. तिन्ही वेळा तिने गोड मागितलं होतं आणि बॉल तिखटाच्या जागी फेकला होता. बासंती वेळेवर उडाली होती.

रांगेतल्या बाकीच्या पोरींनीही हाक ऐकलीच होती. पण त्या बुटांकडे बघत बसल्या होत्या. कारण ताई चुकत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी वैजूला दोन-तीन तासांची सुट्टी होती. ती संघाच्या वसतिगृहातून घरी आली. जेवली नाही. बॉल काखेत मारून थेट मागे गेली.

“अहो, स्टुलं मांडा.”

“आज राहू दे. खांदा सुजलाय तुझा.”

“मांडा म्हणते ना. शनिवारी मधल्या जागी नवी पोरगी घ्यावी लागणार. माझी फेक तरी चोख पाहिजे.”

मी स्टुलं मांडली.

“चिंच!” मी पुढच्या स्टुलावर. बॉल अगदी हातात.

“आलं!” मी मागे. बॉल हातात.

“साखर!”

मी मधल्या स्टुलावर चढलो. बॉल माझ्या डोक्यावरून गेला आणि मागच्या स्टुलापलीकडे मोरीवर आपटला.

“अहो, लक्ष कुठंय तुमचं? मागे ना!”

मी खाली उतरलो. बॉल आणून तिच्या हातात दिला.

“तू साखर म्हणालीस.”

“मी मिरी म्हणाले.”

“साखर म्हणालीस, वैजू.”

“तुमचे कान गेलेत त्या मशीनच्या आवाजाने.”

“परत टाक.”

“आलं!” बॉल हातात. “गूळ!” बॉल मागे. या वेळी मोरीवरची बादली उलटली. पाणी अंगणभर झालं. ती बघत राहिली.

“आता काय म्हणाले मी?”

“गूळ.”

“नक्की?”

“नक्की.”

ती कुंपणाला टेकली. तिने बॉल दोन्ही हातांत धरला होता. नवीन पोरी धरतात तसा, पोटाशी.

“आणि काल?”

मला उत्तर द्यायचं नव्हतं. खोटं बोललो असतो तर तिने पटकन मानलं असतं. तिला तेच हवं होतं. अशी मोठी स्पर्धा घरच्या मैदानावर पुन्हा तिच्या वाट्याला येणार नव्हती. शनिवार जिंकला की संघ वरच्या गटात, आणि परदेश दौऱ्यावर कॅप्टन म्हणून तीच. एवढ्यासाठी तिने गुडघ्याचं ऑपरेशन पुढे ढकललं होतं. मूल पुढे ढकललं होतं. दोन वेळा.

“अहो, काल काय झालं? तुम्ही रेषेपाशी होतात.”

“तिन्ही वेळा गोडाची हाक होती. बॉल मागे गेला.”

“आणि बासंती?”

“वेळेवर उडाली होती.”

“मग ती काही बोलली का नाही?”

“तू तिची ताई आहेस.”

“आणि बाकीच्या? त्यांना तोंडं नाहीत?”

ती तिथेच ओल्यात खाली बसली. मला वाटलं रडेल. रडली नाही.

“मागच्या महिन्यात,” ती म्हणाली, “बोपोडीच्या चौकातून मी तुम्हाला फोन केला होता. घर डावीकडे का उजवीकडे म्हणून.”

“हो.”

“आपण हसलो होतो.”

“हो.”

“तुम्ही खरं हसला होतात?”

“नाही.”

तिने मान हलवली. मग उठली, साडीच्या निऱ्या नीट कराव्यात तशी ट्रॅकपँटवरची माती झटकली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“एक कबूल करा. यापुढे मी चुकले की चुकले म्हणून सांगायचं. तोंडावर. मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलायचं नाही.”

“बरं.”

“बरं नाही. हात द्या.”

मी हात दिला. रग्बीच्या पोरी मॅचआधी पकडतात तसं तिने माझं मनगट पकडलं. मग काखेत बॉल मारून निघून गेली. पुढे काय करणार ते मला सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

शुक्रवारी संध्याकाळी जर्सी वाटायची होती. या संघात ती पद्धत होती. मॅचच्या आदल्या संध्याकाळी सगळ्या पोरी जेवणाच्या हॉलमध्ये गोल बसतात. कॅप्टन एकेकीचं नाव घेते, तिचा नंबर हातात देते आणि तिच्याविषयी दोन शब्द बोलते. जिला पहिल्यांदा मिळते तिने गाणं म्हणायचं. आणि सगळ्यात शेवटी कॅप्टनची जर्सी. ती संघातली सगळ्यात नवी मुलगी देते. म्हणजे कॅप्टनलाही कळावं की जर्सी आपल्या मालकीची नाही.

मी शिवून आणलेली बॅग पोचवायला गेलो होतो. निघालो तर रुस्तम सर म्हणाले, “बस रे शिंगटे. घरचाच माणूस तू.” मी दाराजवळ बसलो.

सगळ्यात नवी बासंतीच होती. खेळणार नव्हती, तरी शेवटची जर्सी देण्याचं काम तिचंच होतं. वैजूची दोन नंबरची जर्सी घडी करून मांडीवर घेऊन बसली होती. डोळे सुजलेले.

वैजूने एकेक नाव घेतलं. एकीला म्हणाली, “ही टॅकल करते तेव्हा मला समोरचीची दया येते.” पोरी हसल्या. दुसरीला म्हणाली, “हिला भात कमी वाढा, नाहीतर उचलणाऱ्यांची कंबर जाईल.” पुन्हा हसल्या. मधल्या जागेची, पाच नंबरची जर्सी आली तेव्हा तिने ती टेबलावरच राहू दिली आणि पुढे गेली. कुणाच्या ते लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

मग बासंती उठली आणि जर्सी दोन्ही हातांनी पुढे केली.

“ताई,” ती म्हणाली. पुढचे शब्द तिला आठवेनात.

वैजूने जर्सी घेतली. घडी उलगडली. पाठीवरच्या नंबरावरून एकदा हात फिरवला. मग परत घडी घातली आणि उजवीकडे बसलेल्या ज्युलीच्या मांडीवर ठेवली. ज्युली डिमेलो वसईची. तिच्या जागेवरची राखीव खेळाडू. कित्येक वर्षं बाकावर बसून होती बिचारी.

“ताई, हे काय?”

“उद्या तू फेकायचं.”

“ओ वैजू, मस्करी नको,” रुस्तम सर म्हणाले.

“मस्करी नाही, सर. परवाचे तीन बॉल बासंतीचे नव्हते. हाक मी एक दिली आणि फेकलं भलतीकडे. मला कळलंही नाही. काल घरी पण तसंच झालं. हे होते साक्षीला.” तिने माझ्याकडे बोट केलं. सगळ्या पोरी माझ्याकडे वळल्या. मला जमिनीत जावंसं वाटलं.

“नाही सर, मी लेट—” बासंती बोलायला लागली.

“बासंती.” वैजूने तिचे दोन्ही खांदे धरले. “तू वेळेवर उडाली होतीस. बॉल माझा चुकला. परत कधी कुणासाठी असं बोलायचं नाही. माझ्यासाठी तर नाहीच.”

मग टेबलावरची पाच नंबरची जर्सी उचलून तिने बासंतीच्या हातात दिली. “आणि तुम्ही बाकीच्या,” ती गोलाकडे वळली, “तुम्हाला ऐकू आलं होतं. ज्युली उद्या चुकली तर तिला तिथल्या तिथे सांगा. मला सांगायला घाबरलात. तो दोष पण माझाच.”

रुस्तम सरांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसले. मग म्हणाले, “पेपरवाल्यांना मी काय सांगू?”

“खांदा म्हणा. खांदा सुजलाच आहे.”

तेच छापून आलं. आजही कुठे लिहिलेलं सापडलं तर खांदाच सापडेल.

शनिवारी वैजू पाण्याच्या बाटल्या घेऊन रेषेबाहेर धावत होती. ज्युलीने “केळं” ओरडून बॉल टाकला. दोघींनी बासंतीला वर दिलं, आणि तिने तो असा अलगद घेतला, जसा कुणी फडताळातून डबा काढावा. तिथूनच बॉल त्यांच्या रेषेपलीकडे टेकवला गेला, म्हणजे आपला ट्राय झाला. आम्ही जिंकलो. पोरींनी ज्युलीला खांद्यावर घेतलं, आणि मग सगळ्या वैजूकडे धावल्या, तर ती रिकाम्या बाटल्या गोळा करत होती. त्या फोटोत ती कडेला आहे, अर्धी कापली गेलेली.

पुढच्या आठवड्यात आम्ही मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तपासण्या केल्या, आणि खूप महिन्यांनी, पुन्हा पुन्हा तपासून, आजाराचं नाव सांगितलं. हा म्हातारपणचा आजार. वैजू चाळिशीचीही नव्हती. डोक्याला बसलेल्या मारामुळे का, असं मी विचारलं. ते म्हणाले, असेल, नसेल, सांगता येत नाही. वैजूने विचारलं, “खेळले नसते तर झाला नसता?” ते तेच म्हणाले. बाहेर आल्यावर ती म्हणाली, “बरं झालं. नक्की सांगितलं असतं तर उगीच पश्चात्ताप करावा लागला असता.”

मी शब्द पाळला. वैजू, गॅस चालू आहे. वैजू, आत्ताच जेवलीस. वैजू, तुझे वडील जाऊन खूप वर्षं झाली. सुरुवातीला ती म्हणायची, “बरं झालं सांगितलंत.” मग चिडायला लागली. मग वडिलांचं प्रत्येक वेळी नव्याने ऐकून रडायला लागली. माझी बहीण म्हणाली, “दादा, कशाला खरं सांगतोस? हो म्हणून टाक की.” मला जमत नव्हतं. मनगट पकडलं होतं तिने.

बासंती रेल्वेत लागली होती. सुट्टी मिळाली की यायची, वैजूचे केस विंचरायची. शेवटी शेवटी वैजू तिला शेजारीण समजायची आणि म्हणायची, “तुमची मुलगी काय करते?” बासंती म्हणायची, “रग्बी खेळते.” वैजू म्हणायची, “छान.”

वैजू जाण्याच्या आधीच्या थंडीत एका दुपारी तिने पलंगाखालून बॉल काढला. हवा निम्मी गेलेली. काखेत मारून ती चालत मागच्या अंगणात गेली. खूप दिवसांत ती आपण होऊन उठली नव्हती. मी मागोमाग गेलो. स्टुलं कधीच मोडली होती. माझेही गुडघे आता स्टुलावर चढण्यासारखे राहिले नव्हते. मी तसाच जमिनीवर उभा राहिलो आणि हात वर केले.

ती कुंपणापाशी उभी राहिली. पाय बरोबर जुळवले. बॉल डोक्यामागे नेला. काहीतरी ओरडली. शब्द नव्हता तो, नुसता आवाज. आणि बॉल फेकला. तो वाकडा गेला आणि मोरीवर जाऊन पडला.

तिचा चेहरा पडला. अगदी त्या मॅचमधल्यासारखा.

“कुणाचं चुकलं?” तिने विचारलं.

मी तिच्याकडे बघितलं. इतकी वर्षं मी तिला खरं सांगत आलो होतो. त्या दिवशी माझ्याच्याने झालं नाही.

“माझं,” मी म्हणालो. “मी उशिरा उडालो.”

ती माझ्याजवळ आली. तिने माझे दोन्ही खांदे धरले. पकड अजून तशीच होती. माझ्याकडे नीट बघत म्हणाली,

“नाही. तू वेळेवर उडाली होतीस. बॉल माझा चुकला.”

मग तिने मोरीवरून बॉल उचलला, पाणी पुसलं आणि कुंपणाकडे परत गेली.

“हात वर कर,” ती म्हणाली.

मी हात वर केले.